पोकळी काढली तरी गोळ्या का थांबल्या नाहीत: एनटीएम फुप्फुसविकाराचं एक प्रकरण

एनटीएम म्हणजे नॉनट्युबर्क्युलस मायकोबॅक्टेरिया, क्षयाच्या जंतूचे दूरचे भाऊबंद. आधी एक खुलासा. हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातल्या बाई म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. वाटेत आलेले अडथळे, झालेल्या चुका आणि घ्यावे लागलेले निर्णय मात्र या आजाराच्या रुग्णांमध्ये नेहमी दिसणारे आहेत. रुग्णाचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. औषधांचे डोस वाचून स्वतःवर प्रयोग करू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांचा खोकला

बाई ५४ वर्षांच्या. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४४ किलो. कधी विडी-सिगारेट नाही, मधुमेह नाही. दोन वर्षांपासून खोकला, सकाळी घट्ट बेडका, संध्याकाळी अंगात कणकण, आणि वजन हळूहळू उतरत गेलेलं. थुंकीची तपासणी केली तर एएफबी, म्हणजे आम्लरोधी जंतू, पॉझिटिव्ह. एक्स-रेत उजवीकडे वरच्या बाजूला पोकळी. क्षय समजून सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले, आणि खरंच थोडं बरं वाटलं. ताप गेला, खोकला कमी झाला. कोर्स संपल्यावर तीन महिन्यांत सगळं परत आलं. मग संशय धरला तो औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा.

क्षयाच्या औषधांनी बरं का वाटलं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या क्षयोपचारात रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल असतं, आणि या दोघांचा एनटीएमच्या काही जातींवर थोडाफार असर होतो. जंतू दबतात, मरत नाहीत. रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही वाटतं की निदान बरोबर होतं. अर्धवट यश पूर्ण अपयशापेक्षा जास्त फसवतं, कारण अपयश आलं तर माणूस निदान पुन्हा तपासून तरी पाहतो.

इथे खरा धागा जीनएक्स्पर्टने दिला. ही चाचणी थुंकीत क्षयाच्या जंतूची जनुकं शोधते. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत भरपूर जंतू, आणि जीनएक्स्पर्टमध्ये क्षयाच्या जंतूचा मागमूस नाही. ही विसंगती दिसली की एनटीएमचा विचार व्हायलाच हवा. सूक्ष्मदर्शकाला फक्त आम्लरोधी जंतू दिसतो. तो क्षयाचा आहे की त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी कुणाचा, हे तिथे कळत नाही. या भाऊबंदांच्या आज १९० हून अधिक जाती माहीत आहेत. माती, पाणी, नळाच्या पाइपातला चिकट थर ही त्यांची राहण्याची ठिकाणं. बहुतेक जाती माणसाच्या वाटेला जात नाहीत.

कल्चर लावलं, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिले. महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन थुंकींत एकच जंतू वाढला, आणि लाइन प्रोब चाचणीने त्याचं नाव सांगितलं: मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलेअर. हा आणि मायकोबॅक्टेरियम एव्हियम मिळून जो गट होतो त्याला थोडक्यात मॅक म्हणतात. इंट्रासेल्युलेअरला जुन्या काळी बॅटी बॅसिलस म्हणत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात बॅटी नावाच्या रुग्णालयात क्षयाचे म्हणून दाखल झालेल्या काही रुग्णांत तो सापडला होता. म्हणजे क्षय समजून दुसऱ्याच जंतूवर उपचार करण्याची गोष्ट जुनीच आहे.

दोन कल्चर का, एक का पुरत नाही? हे जंतू पाण्यात आणि वातावरणात असतात. एखाद्या थुंकीत ते वाटसरूसारखे आलेले असू शकतात. म्हणून लक्षणं, सीटी स्कॅनमधले बदल आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या थुंकीच्या किमान दोन कल्चरमध्ये तोच जंतू, असे तिन्ही पुरावे जुळल्यावरच त्याला आजार म्हणतात. ब्राँकोस्कोपी करून श्वासनलिका धुतलेल्या पाण्यात तो वाढला, तर एक कल्चरही चालतं. बाईंच्या बाबतीत तिन्ही पुरावे जुळले.

निदान सांगितल्यावर बाईंना सगळ्यात मोठा दिलासा औषधांचा नव्हता. हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही, हे कळल्याचा होता. दोन वर्षं त्या नातवापासून लांब बसत होत्या.

सीटी स्कॅनने काय दाखवलं

उजव्या वरच्या खंडात चार सेंटिमीटरची जाड भिंतीची पोकळी. तिच्या खालच्या मधल्या खंडात श्वासनलिका फुगून वाकड्यातिकड्या झालेल्या, म्हणजे ब्राँकिएक्टेसिस, आणि खंड आकसलेला. डाव्या खालच्या खंडात कळ्या फुटलेल्या फांदीसारखे दिसणारे मोजके बारीक ठिपके. बाकीचं फुप्फुस बरं.

पुढचा सगळा निर्णय या चित्रावर उभा आहे. मॅकचा आजार ढोबळमानाने दोन रूपांत दिसतो. एकात गाठी आणि फुगलेल्या नलिका असतात. तो बहुधा सडपातळ, धूम्रपान न करणाऱ्या मध्यमवयीन स्त्रियांत दिसतो आणि संथ चालतो. दुसऱ्यात पोकळी पडते आणि तो फुप्फुस भराभर खातो. बाईंच्या छातीत दोन्ही होते. पोकळी असली की उपचार कडक करावे लागतात. गोळ्या आठवड्यातून तीनदा न देता रोज द्यायच्या, आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने अमिकॅसिनचं इंजेक्शनही.

मधला खंड हा असल्या आजारांचा आवडता कोपरा. त्याची नलिका लांब आणि अरुंद असते, आणि शेजारच्या खंडांतून हवा तिथे फारशी पोचत नाही. बेडका साठला की बाहेर पडायला वाट नसते. डाव्या बाजूला लिंग्युला नावाचा जो भाग आहे त्याचंही असंच.

औषधांचे पहिले सहा महिने

अझिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम रोज, रिफॅम्पिसिन ४५० मिलिग्रॅम, इथॅम्ब्युटॉल वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, आणि आठवड्यातून तीनदा अमिकॅसिन शिरेतून. सुरू करण्याआधी जंतूची मॅक्रोलाइडसाठी, म्हणजे अझिथ्रोमायसिन ज्या गटात येतं त्या औषधांसाठी, संवेदनशीलता तपासली. एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा, २ आली. ८ किंवा त्याखाली म्हणजे औषध लागू, ३२ किंवा त्यावर म्हणजे प्रतिरोध. ही तपासणी इथे जास्तच गरजेची होती, कारण खोकल्यासाठी गेल्या दोन वर्षांत बाईंनी अझिथ्रोमायसिनचे छोटे कोर्स तीनदा घेतले होते. मॅकच्या उपचारात मॅक्रोलाइड हा कणा. तो एकटा दिला की जंतू त्याला सरावतो, आणि एकदा सरावला की पुढचा उपचार फार अवघड होतो.

कणा मॅक्रोलाइड असला तरी त्याचा राखणदार इथॅम्ब्युटॉल. हे औषध दिसायला दुय्यम आहे, पण मॅक्रोलाइडविरुद्ध प्रतिरोध उभा राहू नये म्हणून सोबत असलंच पाहिजे. बाईंचा पहिला घोटाळा नेमका इथे झाला. चौथ्या महिन्यात त्यांना धूसर दिसू लागलं. इथॅम्ब्युटॉलने डोळ्यांच्या नसेला इजा होऊ शकते हे त्यांना सांगितलेलं होतं, म्हणून त्या घाबरल्या आणि एका दवाखान्यात गेल्या. तिथे औषध बंद झालं आणि त्याऐवजी लिव्होफ्लॉक्सासिन लिहून मिळालं. हेतू चांगला होता, पण निवड चुकली. इथॅम्ब्युटॉलशिवाय मॅक्रोलाइड आणि फ्लुओरोक्विनोलोनची (लिव्होफ्लॉक्सासिन याच गटातलं) जोडी हा प्रतिरोधाकडे जाणारा ओळखीचा रस्ता आहे. तीन आठवड्यांनी नेत्रतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा रंगदृष्टी शाबूत होती. धूसर दिसण्याचं कारण सुरुवातीचा मोतीबिंदू निघालं. इथॅम्ब्युटॉल पुन्हा सुरू झालं, लिव्होफ्लॉक्सासिन थांबलं. डोळ्यांची तक्रार आली की औषध त्याच दिवशी थांबवावं हे खरं, पण नेत्रतपासणीही त्याच आठवड्यात व्हावी. तीन आठवडे थांबायला नको होतं.

तिसऱ्या महिन्यात अमिकॅसिन थांबवलं होतं. या औषधाने कानांना इजा होऊ शकते. ऐकण्याच्या चाचणीत उंच पट्टीच्या आवाजांना थोडीशी घट दिसली होती. रोजच्या बोलण्यात काही जाणवत नव्हतं.

सहाव्या महिन्याचा हिशोब असा: वजन दोन किलो वाढलं, ताप नाही, थुंकीतल्या जंतूंची संख्या ३+ वरून १+ वर आली. कल्चर मात्र पॉझिटिव्हच. सीटीत डावीकडचे ठिपके जवळपास विरघळले होते. पोकळी होती तिथेच, भिंत किंचित पातळ झालेली. एमआयसी पुन्हा तपासली. आली ४, म्हणजे औषध अजून लागू होतं.

डाव्या बाजूचे ठिपके गेले आणि पोकळी राहिली, यातच सगळी गोष्ट आहे. औषध रक्तातून येतं. बारीक ठिपक्यांभोवती रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथे ते पोचतं. जाड भिंतीच्या पोकळीत आत मेलेल्या पेशींचा लगदा, त्यात जंतूंची प्रचंड वस्ती, आणि रक्तवाहिन्या जवळपास नाहीत. तिथे औषध झिरपत पोचतं, तेही अपुरं. हवा मात्र भरपूर मिळते, आणि हे जंतू हवेवर वाढतात. पोकळीला कोठार म्हणतात ते उगाच नाही.

बैठक

सहाव्या महिन्यानंतर छातीचे फिजिशियन, वक्षशल्यचिकित्सक, सूक्ष्मजीवतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बसले. समोर तीन वाटा होत्या.

पहिली, आहेत तीच औषधं चालू ठेवून वाट पाहणं. ही वाट कुणालाच फारशी पटली नाही. सहा महिने पूर्ण डोस देऊन कल्चर पॉझिटिव्ह राहिलं, तर तोच उपचार पुढे चालवून निगेटिव्ह होण्याची शक्यता घटत जाते, आणि जंतूंना सरावायला वेळ मिळतो.

दुसरी, श्वासातून घ्यायचं लायपोसोमल अमिकॅसिन जोडणं. हे औषध नेमकं अशा रुग्णांसाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यामागच्या मोठ्या चाचणीत ३३६ रुग्ण होते. नेहमीच्या औषधांसोबत हे घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांची थुंकी सहाव्या महिन्यापर्यंत निगेटिव्ह झाली, नुसत्या नेहमीच्या औषधांवर ८.९ टक्क्यांची. फरक खरा आहे. पण उरलेल्या ७१ टक्क्यांचं काय, हा प्रश्नही तितकाच खरा.

तिसरी, पोकळी असलेला भाग काढून टाकणं. निवडक रुग्णांत औषधांच्या जोडीला शस्त्रक्रिया करावी, असं २०२० ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सुचवतात. ही शिफारस सशर्त आहे आणि तिच्यामागचा पुरावा कच्चा आहे, हे तीच तत्त्वं मान्य करतात. पुरावा कच्चा का? कारण कुणाला कापायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नसतं. शस्त्रक्रिया होते ती ज्यांचं फुप्फुस चांगलं, आजार एका जागी आणि अंगात ताकद, अशांची. त्यांचे निकाल चांगले येणारच. अमेरिकेतल्या डेन्व्हर इथल्या एका मोठ्या मालिकेत २३६ रुग्णांवर २६५ शस्त्रक्रिया झाल्या आणि शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यूचं प्रमाण २.६ टक्के होतं. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. पण ते असल्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं करणारं केंद्र. वर्षातून एखादी करणाऱ्या ठिकाणी हा आकडा घेऊन जाऊ नये.

२००६ मधली एक मालिका या चर्चेत नेहमी निघते. तिच्यात मॅक्रोलाइडला प्रतिरोध आलेले मॅकचे ५१ रुग्ण होते. शस्त्रक्रिया आणि सहा महिन्यांहून जास्त इंजेक्शन, असं दोन्ही मिळालेल्या १४ पैकी ११ जणांची थुंकी निगेटिव्ह झाली. ज्यांना ही जोडी मिळाली नाही त्या ३७ पैकी फक्त दोघांची. निवडीचा पक्षपात वजा केला तरी ही दरी डोळ्यांत भरते. आणि नीट पाहा: दरी जोडीमुळे आहे, नुसत्या कापण्यामुळे नव्हे.

बाईंच्या बाजूने काय होतं? मुख्य आजार एका बाजूला आणि दोन खंडांपुरता, मॅक्रोलाइड अजून लागू, दुसरी बाजू औषधांनी निवळलेली. विरुद्ध काय होतं? वजन कमी, थुंकी पॉझिटिव्ह. आणि शल्यचिकित्सकांनी पुढे आणलेला एक मुद्दा ज्याचा फिजिशियन मंडळींना नेहमी विसर पडतो: जागेचा.

वरचा आणि मधला असे दोन्ही खंड काढले, तर उजव्या छातीत फक्त खालचा खंड उरतो. त्याने फुगून सगळी पोकळ जागा भरायची. क्षय किंवा एनटीएमने ताठर झालेलं फुप्फुस तितकं फुगत नाही. मग वर रिकामी जागा राहते, तिथे पाणी साठतं, ते दूषित होतं. श्वासनलिकेचा शिवलेला बुंधा उसवला तर पू आणि हवा गळतीचं दुखणं महिनोन् महिने चालतं. म्हणून एकाने सुचवलं, फक्त वरचा खंड काढू. पण मग मधला कुजका खंड आत राहतो, म्हणजे एक कोठार रिकामं करून दुसरं जपायचं. शेवटी ठरलं ते दोन्ही खंड काढून पाठीतल्या स्नायूचा पट्टा आत वळवायचा. तो बुंध्यावर पांघरूणही घालेल आणि वरची जागाही भरेल.

श्वासाचा हिशोब

शस्त्रक्रियेआधी एफईव्ही१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, १.६२ लिटर होतं, अपेक्षित मूल्याच्या ७१ टक्के. दोन्ही फुप्फुसांत मिळून १९ उपखंड धरतात. उजव्या वरच्यात तीन, मधल्यात दोन. पाच गेले तर १४ उरतात. १.६२ चे १४/१९ म्हणजे १.१९ लिटर, सुमारे ५२ टक्के. ऐकायला जरा घाबरवणारं.

पण हा हिशोब सगळे उपखंड सारखंच काम करतात असं धरून चालतो, आणि इथे ते खरं नव्हतं. फुप्फुसाच्या रक्तप्रवाहाच्या स्कॅनमध्ये दिसलं की हे दोन खंड मिळून एकूण रक्तप्रवाहाच्या फक्त १२ टक्के घेतात. त्या हिशोबाने शस्त्रक्रियेनंतर सुमारे १.४३ लिटर उरायला हवं, म्हणजे ६२ टक्के. वायूंची देवाणघेवाण मोजणारं डीएलसीओ ६४ वरून ५६ टक्क्यांवर यायला हवं. ६० च्या खाली आलं की चालण्याची चाचणी करतात. शटल वॉकमध्ये, म्हणजे दोन खुणांमध्ये वाढत्या वेगाने येरझाऱ्या घालण्याच्या चाचणीत, बाई ४४० मीटर चालल्या. ४०० ची रेषा ओलांडली म्हणून भूलतज्ज्ञांनी होकार दिला. या रेषा मुळात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठी आखलेल्या आहेत. इथे त्या उसन्या घेतलेल्या.

बाईंनी या सगळ्यावर एकच प्रश्न विचारला. "औषध लागू आहे म्हणता, मग कापायचं कशाला? आणि कापल्यावर गोळ्या बंद ना?"

शल्यचिकित्सकांनी कागदावर पोकळी काढून दाखवली. म्हणाले, "बाई, गोळ्या इथवर येतात आणि भिंतीशी थांबतात. भिंतीच्या आतलं मी काढतो. बाहेर जे बारीकसारीक उरेल ते मला दिसतही नाही, ते गोळ्यांनीच काढायचं. त्यामुळे गोळ्या बंद नाहीत. उलट आता त्यांचं काम सोपं होईल."

"म्हणजे दोन्ही सोसायचं," बाई म्हणाल्या. त्यांनी आठवडाभर वेळ मागून घेतला. मग मुलीला घेऊन आल्या आणि सही केली.

दोन महिन्यांची तयारी

असल्या शस्त्रक्रियेची वेळ औषधांनी ठरवायची असते. जंतूंची संख्या शक्य तितकी खाली असताना आत शिरावं. थुंकीत जंतू भरभरून असताना कापलं तर बुंधा उसवण्याचा धोका वाढतो. आणि फार काळ थांबलं तर औषधांचा जोर ओसरतो किंवा प्रतिरोध येतो. मधे एक खिडकी उघडते, आणि ती औषधं उघडतात. बहुतेक अनुभवी केंद्रं आधी काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत जोरदार औषधं देतात आणि मगच हात घालतात.

ऐकण्याची चाचणी पुन्हा करून अमिकॅसिन सुरू केलं. रोज क्षारयुक्त पाण्याची वाफ आणि बेडका मोकळा करणारं श्वासाचं उपकरण. आहारात प्रथिनं वाढवली. वजन ४८ किलोवर आलं. या दोन महिन्यांत मिळालेल्या दोन किलोंना मी कुठल्याही यंत्राइतकं महत्त्व देईन. कुपोषित शरीराचे टाके टिकत नाहीत.

ब्राँकोस्कोपीही झाली. ज्या ठिकाणी नलिका कापायची तिथलं अस्तर सुजलेलं नाही ना, हे डोळ्यांनी पाहायचं होतं. स्वच्छ होतं. त्याच वेळी बुरशीसाठी नमुने घेतले, कारण जुन्या पोकळ्यांत ॲस्परजिलस घर करते. ती असती तर बुरशीविरोधी गोळ्या लागल्या असत्या, आणि रिफॅम्पिसिन या गोळ्यांचा रक्तातला अंश इतका पाडतं की दोन्ही एकत्र देताच येत नाहीत. सुदैवाने बुरशी नव्हती.

शस्त्रक्रिया

आठव्या महिन्यात. दुर्बिणीतून सुरुवात केली. तासाभरात लक्षात आलं की फुप्फुसाचं टोक छातीच्या भिंतीला सिमेंटसारखं चिकटलं आहे. छाती उघडली. पाठीचा स्नायू बरगड्या फाकवण्याआधीच सोडवून बाजूला जपून ठेवला. फाकवणारा चिमटा आधी बसला असता तर स्नायूचा रक्तपुरवठा चिरडला गेला असता. टोकाकडे छातीच्या अस्तराच्या बाहेरून सोडवत जावं लागलं. जुन्या संसर्गाने श्वासनलिकेच्या धमन्या जाड झालेल्या असतात, त्या एकेक बांधाव्या लागतात. पोकळी आत फुटू दिली नाही. ती फुटली असती तर सगळी छाती दूषित झाली असती. दोन्ही खंड निघाले, बुंध्यावर स्नायू शिवला. वाचायला चार ओळी, प्रत्यक्षात सहा तास.

औषधांमुळे भूलतज्ज्ञांना वेगळी काळजी घ्यावी लागली. अमिकॅसिन स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर लांबवतं, म्हणून त्या सकाळचा डोस दिला नाही आणि स्नायूंची ताकद यंत्राने मोजत राहिले. रिफॅम्पिसिनमुळे यकृत काही वेदनाशामकं झपाट्याने मोडतं, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत वेदना थांबेलच असं नसतं. पाठीत बसवलेल्या नळीतून औषध देऊन ती अडचण टाळली. वेदना थांबली नाही तर रुग्ण खोकत नाही, खोकला नाही तर बेडका साठतो. केटोरोलॅकसारखी वेदनाशामकं टाळली, कारण अमिकॅसिनसोबत मूत्रपिंडावर दुहेरी भार पडला असता.

तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर असं बरेचदा होतं. हात सवयीने अमिओडॅरोन या लय सुधारणाऱ्या औषधाकडे जातो. पण बाई अझिथ्रोमायसिनवर होत्या, आणि दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यामागचा क्यूटी नावाचा काळ लांबवतात. मळमळीसाठीचं ऑन्डॅनसेट्रॉनही तेच करतं. ईसीजीत क्यूटी आधीच ४६५ मिलिसेकंद होता. बीटा-ब्लॉकर दिलं, ऑन्डॅनसेट्रॉन थांबवलं. दोन दिवसांत लय ताळ्यावर आली. मॅक्रोलाइड एक दिवसही बंद करावं लागलं नाही. कुणी घाईने ते बंद करून बाकीची दोन चालू ठेवली असती, तर आठ महिन्यांची घडी विस्कटली असती.

हवेची गळती आठ दिवस चालली. नवव्या दिवशी नळी निघाली, बाराव्या दिवशी बाई घरी गेल्या.

काढलेल्या खंडात काय निघालं

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यातल्या थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नव्हते. पोकळीच्या भिंतीत मात्र ते खच्चून भरलेले होते, आणि त्या ऊतीचं कल्चर जोरात वाढलं. एमआयसी ४. जवळपास आठ महिने लागू पडणारं औषध चालू असून पोकळीच्या आत जंतू जिवंत होते. थुंकी म्हणजे कोठाराच्या दारातून बाहेर सांडलेलं धान्य. दारात काही दिसलं नाही म्हणून आत काही नाही असं होत नाही.

पुढचे महिने

अमिकॅसिन शस्त्रक्रियेनंतर आणखी दोन महिने. तीन गोळ्या अखंड. नवव्या महिन्यातली थुंकी पहिल्यांदा कल्चरमध्ये निगेटिव्ह आली. मग चार-चार आठवड्यांनी आणखी दोन. अशा सलग तीन निगेटिव्ह आल्यावर रूपांतर झालं असं म्हणतात, आणि तारीख धरायची ती पहिल्या निगेटिव्हची. उपचार त्या तारखेपासून किमान बारा महिने. शस्त्रक्रियेपासून नव्हे. या एका बाबतीत घरच्यांना, आणि कधी कधी डॉक्टरांनाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. जखम भरली, वजन वाढलं, खोकला गेला, की गोळ्या सोडाव्याशा वाटतातच. एकविसाव्या महिन्यात गोळ्या थांबल्या. वजन ५३ किलो. एफईव्ही१ १.४० लिटर, स्कॅनने सांगितल्याच्या जवळपास. ऐकण्यातली घट थोडी वाढली, ती कायम राहणार. ही किंमत बाईंनी मोजली, आणि ती लिहिलीच पाहिजे.

आता माझं मत. शल्यचिकित्सकांची गाठ सहाव्या महिन्यात पडली, ती पहिल्या महिन्यात पडायला हवी होती. तेव्हा लगेच कापायचं म्हणून नव्हे. एका बाजूची जाड पोकळी पहिल्या सीटीतच दिसत होती. अशी पोकळी औषधांना कमी दाद देते हे तेव्हाही माहीत होतं. शस्त्रक्रियेची शक्यता पहिल्या दिवसापासून कागदावर असती, तर पहिलं अमिकॅसिन तिच्याशी जुळवून दिलं असतं. दोनदा सुरू-बंद करावं लागलं नसतं, आणि कदाचित कानही थोडे वाचले असते. औषधं हरली की शस्त्रक्रिया, हा क्रम डोक्यात बसला की खिडकी उघडी असताना कुणी बाहेर पाहत नाही.

हेच उलट बाजूनेही. आजार दोन्ही फुप्फुसांत पोकळ्यांसह पसरला असता, किंवा उरणारा श्वास ३० टक्क्यांच्या खाली जाणार असता, तर मी चाकूचं नाव काढलं नसतं. जंतू मॅक्रोलाइडला सरावलेला असता तर आणखी लवकर घाई केली असती. आणि एनटीएमचीच दुसरी जात, मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस, असती तर आधी तिची उपजात आणि तिचं अर्म-४१ हे जनुक पाहिलं असतं. ते जनुक चालू असलं तर सुरुवातीला लागू दिसणारं मॅक्रोलाइड दोन आठवड्यांच्या कल्चरमध्ये निष्प्रभ ठरतं. मग शस्त्रक्रियेला साथ द्यायला औषधंच तुटपुंजी उरतात.

तिसावा महिना

गोळ्या थांबून नऊ महिने झाले होते. नेहमीच्या तपासणीतल्या एका थुंकीत कल्चर पॉझिटिव्ह आलं. बाई धावतच आल्या. यावेळी इंट्रासेल्युलेअर नव्हता, एव्हियम होता. जातच वेगळी, म्हणजे जुना आजार उलटलेला नाही. ज्या फुप्फुसाला एकदा हा आजार जडतो त्याची जडणच अशी असते की पाण्या-मातीतून नवा जंतू पुन्हा शिरू शकतो. कोठार काढता येतं, तशी प्रवृत्ती काढता येत नाही.

खोकला नव्हता, वजन जिथल्या तिथे, सीटीत नवं काही नाही. एक कल्चर म्हणजे आजार नव्हे. औषध सुरू केलं नाही. बाईंना ते पटायला वेळ लागला. "जंतू सापडलाय आणि तुम्ही काहीच करत नाही?" त्यांना पहिल्या निदानाची आठवण करून दिली: तेव्हाही दोन कल्चरची वाट पाहिली होती, आणि म्हणूनच नाव बरोबर कळलं होतं. श्वासाचं उपकरण रोज चालू ठेवायचं, दर महिन्याला थुंकी द्यायची, ताप किंवा वजन घटलं तर लगेच यायचं, असं ठरलं.

पुढच्या महिन्याची थुंकी निगेटिव्ह आली. त्याच्या पुढची अजून प्रयोगशाळेत आहे. सहा आठवडे ठेवून मगच ती निगेटिव्ह म्हणतील.